मुका पट्टा : टायमिंग बेल्ट आणि घरच्या दुरुस्तीचा इतिहास

पट्टा म्हटले की आपल्याकडे आधी पिठाच्या गिरणीचा पट्टा आठवतो. बाहेरच्या खोपटात डिझेल इंजिन, आत जाते, आणि भिंतीतल्या भोकातून फिरणारा तो लांब, सपाट, फटफट वाजणारा पट्टा. दाणे जास्त पडले आणि जाते अडले की तो पुलीवर घसरतो, जळक्या रबराचा वास सुटतो आणि गिरणीवाला हातातले पायली-माप टाकून धावतो. घसरणे हा या पट्ट्याचा दोष नाही. तो घसरतो म्हणूनच पुढचे जाते आणि मागचे इंजिन दोन्ही वाचतात. गिरणगावातल्या कापडगिरण्यांत छताखालच्या लांब दांड्यावरून एकेका यंत्रावर उतरणारे चामडी पट्टेही याच जातीचे. ताकद पोचवायची, पण फार हट्ट धरायचा नाही.

त्याच गिरणीच्या इंजिनाच्या पोटात मात्र एक जागा अशी असते, की तिथे केसभरही घसरलेले चालत नाही. हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, कधी उघडायची आणि कधी मिटायची हे जिथे ठरते ती जागा. १८७६ साली निकोलाउस ओटोने चार फेऱ्यांचे इंजिन चालवून दाखवले तेव्हापासून हे गणित बदललेले नाही. दट्ट्या दोनदा खाली येतो, दोनदा वर जातो. तेवढ्यात क्रँक दोन वेढे घेतो आणि कॅमशाफ्टने एकच वेढा घ्यायचा असतो. इंजिन मिनिटाला चार हजार वेढ्यांनी धावत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला दोन हजार वेळा, म्हणजे सेकंदाला तेहेतीस वेळा, उघडून मिटतो. क्रँक आणि कॅम यांच्यातला हा दोनास एक करार मोडला की इंजिन म्हणजे नुसता लोखंडाचा गोळा. गिरणीच्या इंजिनात हा करार दातेरी चक्रे, म्हणजे गिअर, पाळतात. बाहेर घसरणारा पट्टा आणि आत न घसरणारे गिअर, असे दोन्ही स्वभाव एकाच यंत्रात नांदत असलेले आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत.

घसरणार नाही असा पट्टा ही कल्पना मोटारीतून आलेली नाही. ती शिवणयंत्रातून आली. शिवणयंत्रात वरची सुई आणि खालची बॉबिन यांचा मेळ बसावा लागतो. पायमशीनची चामड्याची वादी कितीही घसरली तरी टाका चुकत नाही, कारण सुई आणि बॉबिन यांना जोडणारी यंत्रणा वेगळी आणि पक्की असते. विजेवर जोरात चालणाऱ्या यंत्रात ही आतली जोडणी हलकी, बिनआवाजी आणि तेल न मागणारी हवी, ही शिंप्यांची नव्हे तर कारखानदारांची गरज होती. अमेरिकेतल्या एल. एच. गिल्मर कंपनीतल्या रिचर्ड केस यांनी १९४० च्या दशकात सिंगरच्या यंत्रासाठी आतल्या बाजूला दात असलेला रबरी पट्टा तयार केला. त्याचे पेटंट १९५० साली मिळाले. जुने इंजिनिअर आजही अशा पट्ट्याला ‘गिल्मर बेल्ट’ म्हणतात. खरे पाहता ही रबराचे कपडे घातलेली साखळीच. ताण झेलायचा तो रबरात पुरलेल्या दोऱ्यांनी, जागा धरायची ती दातांनी, आणि दात झिजू नयेत म्हणून वर कापडाचे अस्तर.

मोटारीत हा पट्टा प्रथम आणला तो बिल डेव्हिन या अमेरिकन हौशी कारागिराने. १९५४ च्या सुमारास त्याने फ्रेंच पानहार्ड इंजिनाचा कॅम वर, डोक्यावर नेला आणि तो फिरवायला गिल्मर पट्टा लावला. त्यातली एक गाडी १९५६ साली तिकडची राष्ट्रीय स्पर्धाही जिंकली. पण शर्यतीची गाडी वेगळी आणि दुकानात मिळणारी गाडी वेगळी. दुकानातली पहिली गाडी निघाली ती जर्मनीत, बव्हेरियातल्या डिंगोल्फिंग गावी. हान्स ग्लास यांचा कारखाना मुळात शेतीच्या अवजारांचा. पेरणीयंत्रे करता करता ते स्कूटरकडे आणि मग गोगोमोबिल या चिमुकल्या मोटारीकडे वळले. त्यांच्या ‘ग्लास १००४’ या गाडीचे इंजिन लेओनहार्ड इशिंगर यांनी आखले. १९६१ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ती लोकांनी पाहिली आणि १९६२ पासून ती विकली जाऊ लागली. कॅम वर, आणि तो फिरवायला दातेरी पट्टा. पाच वर्षांच्या आत ग्लास कंपनी बीएमडब्ल्यूने विकत घेतली. मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळा सोडून पेरणीयंत्र करणाऱ्याने हे धाडस करावे, याचे मला आश्चर्य वाटत नाही. शेतीची अवजारे करणाऱ्याला महाग साखळी आणि स्वस्त पट्टा यांतला फरक कोणी समजावून सांगावा लागत नाही.

१९६६ साली अमेरिकेत पाँटिअ‍ॅकने सहा सिलिंडरच्या इंजिनाला काचतंतूंच्या दोऱ्यांचा पट्टा लावला. त्याच वर्षी इटलीत फियाटने ऑरेलिओ लांप्रेदी यांनी आखलेले दोन कॅमचे इंजिन ‘१२४ स्पोर्ट’मध्ये बसवले, तेही पट्ट्याचे. १९६९ च्या ‘फियाट १२८’ मध्ये तर साध्या कुटुंबाच्या गाडीतही पट्टा आला.

इथे आपल्याकडचे चित्र पाहण्यासारखे आहे. त्याच फियाटच्या नावाने मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना चालू होता. तिथे निघणारी गाडी मूळची १९५३ ची ‘फियाट ११००’. तुरिनमध्ये पट्टा आला तरी कुर्ल्यात साखळीच राहिली, आणि १९७० च्या दशकात गाडीचे नाव बदलून पद्मिनी झाले तरी साखळीच राहिली. उत्तरपाऱ्याच्या अ‍ॅम्बॅसडरची आणि मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डची गोष्टही तीच. याला परवाना-राज म्हणून नावे ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे आणि ती चूकही नाही. पण या तिन्ही गाड्यांना पट्टा लागतच नव्हता, हेही सांगितले पाहिजे. त्यांचा कॅम वर डोक्यावर नव्हता. तो खाली ब्लॉकमध्ये, क्रँकच्या शेजारी होता आणि तिथून लांब सळ्यांनी व्हॉल्व्ह उचलले जात. क्रँक आणि कॅम शेजारी असले की साखळी वीतभर पुरते. कॅम डोक्यावर गेला की साखळी लांबते, हलते, तिला आधाराच्या पट्ट्या आणि सतत तेल लागते. पट्ट्याची खरी गरज तिथे निर्माण होते.

वीतभर साखळीचा एक मोठा गुण म्हणजे ती बोलते. झिजली, सैल झाली, की इंजिनाच्या तोंडाशी, रेडिएटरच्या मागे, आधी बारीक खुळखुळ आणि मग खडखड सुरू होते. सकाळी गाडी थंड असताना जास्त, तापली की थोडी कमी. पद्मिनीवर आयुष्य काढलेल्या एका मिस्त्रींनी मला सांगितले की टॅपेटचा आवाज, पाण्याच्या पंपाचा आवाज आणि साखळीचा आवाज हे तीन वेगळे ओळखता आले म्हणजे शागीर्द अर्धा तयार झाला असे त्यांचे उस्ताद मानत. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकायची त्यांची पद्धत तर सगळ्यांनीच पाहिली आहे. साखळीच्या काळात दुरुस्तीची वेळ गाडीच सांगत असे. मालकाला तारीख लक्षात ठेवण्याचे काम नव्हते.

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली हरपाल सिंग यांच्या हाती दिली. त्या समारंभाची छायाचित्रे शेकडो वेळा छापून आली आहेत. पांढरी गाडी, हार, हसरे चेहरे. बॉनेटखाली काय होते त्याचे छायाचित्र मला कुठेही सापडले नाही, आणि माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे तेच होते. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, आडवे बसवलेले इंजिन, कॅम डोक्यावर आणि तो फिरवायला दातेरी रबरी पट्टा. भारतात मोठ्या संख्येने रस्त्यावर आलेली ही पहिली पट्ट्याची गाडी. जाता जाता एक योगायोग नोंदवतो. सुझुकी कंपनीची सुरुवात मिचिओ सुझुकी यांनी १९०९ साली हामामात्सू गावी हातमाग तयार करण्याच्या कारखान्याने केली होती. म्हणजे शिवणयंत्रासाठी निघालेला पट्टा माग करणाऱ्या कंपनीच्या गाडीतून आपल्या दारात आला.

या गाडीला हँडल मारायची सोय नव्हती. पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसडरच्या तोंडाला हँडलचे भोक असे आणि बॅटरी बसली की ते उपयोगी पडे. ते भोक गेले, आणि बोलणारी साखळीही गेली. पट्टा बोलत नाही. तो आतून दोरा-दोरा तुटत असताना वरून तसाच काळा, गुळगुळीत दिसतो, आणि एके दिवशी घाटात किंवा सिग्नलला, कसलीही कुरकुर न करता, एकतर त्याचे दात सोलतात किंवा तो सरळ तुटतो. गाडी बंद. स्टार्टर फिरतो तो नेहमीपेक्षा हलका, मोकळा, कारण व्हॉल्व्ह हलत नसल्याने हवा हवी तशी दाबलीच जात नाही. अनुभवी मिस्त्री स्टार्टरच्या या मोकळ्या आवाजावरूनच पट्टा गेला हे ओळखतो. म्हणजे पट्टाही बोलतो म्हणायचा, पण गेल्यावर.

१९८० च्या दशकाअखेर आणि नव्वदीत जी पिढी मारुतीवर काम शिकली, तिने हा बदल कसा पचवला हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे. अधिकृत सर्व्हिस स्टेशनचे मिस्त्री प्रशिक्षण घेऊन आले. तालुक्याच्या गावच्या गॅरेजवाल्याला आणि घरी अंगणात गाडी उघडणाऱ्या हौशी मालकाला मात्र स्वतःच वाट काढावी लागली. मी गेली काही वर्षे रद्दीच्या दुकानांतून आणि पुण्याच्या जुन्या बाजारातून मारुतीच्या पुस्तिका, त्यांच्या झेरॉक्स आणि मालकांच्या सर्व्हिस डायऱ्या गोळा करीत आलो आहे. झेरॉक्सांवर तेलकट अंगठ्यांचे ठसे असतात. जिथे ठसे जास्त तिथे काम जास्त झाले, एवढे अनुमान काढायला पुरातत्त्वाची पदवी लागत नाही. माझ्याकडच्या प्रतींत सर्वांत मळलेली पाने टायमिंग बेल्टची आहेत.

हे काम घरी कसे होते ते जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचा मुद्दा त्यावरच उभा आहे. आधी बॅटरीचे टोक सोडवायचे. इंजिन आडवे असल्याने पट्ट्याची बाजू रेडिएटरकडे न येता चाकाच्या कमानीकडे येते, म्हणून पुढची बाजू जॅकने उचलून खाली भक्कम स्टँड द्यायचे. विटांवर गाडी ठेवण्याची आपल्याकडची सवय अघोरी आहे आणि ती मी कोणाच्याही दारात पाहिली तरी बोलून दाखवतो. मग आल्टरनेटरचा पट्टा काढायचा. याला सगळे अजून ‘फॅन बेल्ट’च म्हणतात. मारुतीचा पंखा विजेवर चालतो, पट्ट्याचा त्याच्याशी संबंध नाही, पण पद्मिनीच्या काळातले नाव चिकटले ते चिकटलेच. त्यानंतर क्रँकची बाहेरची पुली आणि पट्ट्यावरचे झाकण काढले की समोर येतात खाली क्रँकची लहान दातेरी पुली, वर तिच्या दुप्पट दातांची कॅमची पुली, बाजूला ताण देणारी टेन्शनरची चकती आणि या तिघांभोवती आपला पट्टा.

आता खुणा. वरच्या पुलीवरची खूण मागच्या झाकणावरच्या खुणेसमोर आणि खालच्या पुलीवरचा ठिपका तेलपंपाच्या अंगावरच्या बाणासमोर आणायचा. दोन्ही एकदम जुळल्या म्हणजे पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या आणि कॅम यांचा मेळ बसला. मगच टेन्शनर सैल करून जुना पट्टा उतरवायचा आणि नवा चढवताना क्रँक किंवा कॅम तसूभरही हलू द्यायचा नाही. चढवताना जी बाजू ओढीची ती आधी ताठ, आणि उरलेली ढील टेन्शनरच्या बाजूला.

सुझुकीच्या त्या काळच्या पुस्तिकांत या ठिकाणी एक सूचना असते. पट्टा बसवण्यापूर्वी रॉकरचे समायोजनाचे सगळे स्क्रू ढिले करून कॅम मोकळा फिरेल असा करावा. कारण साधे आहे. टेन्शनरला एक स्प्रिंग असते आणि पट्ट्याचा ताण त्या स्प्रिंगने ठरवायचा असतो, माणसाच्या हाताने नव्हे. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांनी कॅम एका बाजूला दाबून धरला असेल तर टेन्शनरच्या बिचाऱ्या स्प्रिंगला खरी ढील कळत नाही. ही पायरी बाहेर क्वचित पाळली जाते, कारण ती पाळली तर शेवटी टॅपेट पुन्हा बसवावे लागतात आणि तासभर वाढतो. त्याऐवजी मिस्त्री टेन्शनरला पान्याने दाबून ‘चांगला टाइट’ पट्टा करतात. साखळीच्या जमान्यात सैल म्हणजे वाईट हे डोक्यात पक्के बसलेले. रबरी पट्टा अति ताणला तर टेन्शनरचे बेअरिंग आणि पट्ट्याचे दोरे दोन्ही लवकर मरतात, हे जुने शहाणपण सांगत नव्हते.

शेवटी क्रँक हाताने, पान्याने, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पूर्ण दोन वेढे फिरवायचा आणि खुणा पुन्हा पाहायच्या. दोनच का? कारण क्रँकच्या दोन वेढ्यांनी कॅमचा एक पुरा होतो. ओटोचे गणित इथे अंगणात, आपल्या हाताखाली, पडताळून पाहता येते. समजा कॅमच्या पुलीला चाळीस दात आहेत. मग एक दात चुकणे म्हणजे कॅमचा नऊ अंशांचा आणि क्रँकचा अठरा अंशांचा फरक. गाडी तरीही चालू होते. ओढत नाही, पेट्रोल पिते, चढावर मान टाकते. आणि मारुती ८०० मध्ये ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटरही कॅमवरूनच फिरत असल्याने ठिणगीची वेळही चुकते. मग कोणीतरी डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून ठिणगी ‘बसवून’ देतो. आता मूळ दुखणे झाकले जाते. व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडत राहतात आणि मालक ‘जुनी झाली आता’ म्हणत गाडी विकतो. अशा किती मारुती केवळ एका दातापायी म्हातारी ठरल्या असतील!

पट्ट्याच्या गाड्यांनी घरची दुरुस्ती संपवली, असे विधान जुन्या मोटारींवर लिहिणारे अनेक जण करतात. मला ते पटत नाही. पद्मिनीची साखळी बदलायची तर पुढचे झाकण तेलाचे, म्हणजे गॅस्केट आणि ऑइल सील आले, रेडिएटर काढणे आले, सगळीकडे काळे तेल आले. त्या मानाने मारुतीचा पट्टा कोरडा, बाहेरच्या बाजूला, काही बोल्टांच्या झाकणाखाली. गोटी पान्यांचा एक साधा संच आणि एक निवांत रविवार असला की शाळामास्तर, बँकेतला कारकून, पोस्टमन, कोणीही हे काम करू शकत होता आणि अनेकांनी केले, हे त्या ठशांवरून दिसते. पट्ट्याने घरच्या कारागिराचा हात नाही काढून घेतला. त्याने कानाची नोकरी काढून घेतली आणि ती वहीला दिली.

कारण आता केव्हा बदलायचे हे गाडी सांगत नाही. ते आकड्यावर ठरते. कंपनीप्रमाणे आणि इंजिनाप्रमाणे साठ हजारांपासून एक लाख किलोमीटरपर्यंत काहीतरी आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. हा आकडाही पुरा नाही. रबर वापरले नाही तरी वयाने मरते. सोसायटीच्या आवारात कव्हर घालून ठेवलेली, वर्षातून दोनदा देवदर्शनाला निघणारी गाडी वीस हजारांवरच असेल, पण तिच्या पट्ट्याने पंधरा उन्हाळे पाहिलेले असतात. शिवाय कॅमच्या किंवा क्रँकच्या सीलमधून तेल झिरपू लागले की पट्टा त्यात भिजतो, फुगतो आणि कुठल्याही आकड्याची वाट पाहत नाही. सुरुवातीचे पट्टे क्लोरोप्रीन, म्हणजे निओप्रीन जातीच्या रबराचे होते. पुढे एचएनबीआर नावाचे अधिक उष्णता सोसणारे रबर आले तेव्हा आयुष्य वाढले, पण मुकेपणा गेला नाही.

म्हणून वही. आणि इथेच आपल्याकडच्या व्यवस्थेत एक मोठे भगदाड आहे. आरसी बुकात मालकांचा इतिहास असतो. पहिला मालक कोण, गाडी कधी कोणाच्या नावावर झाली, कर्ज कोणत्या बँकेचे, सारे. पट्टा कधी बदलला याला सरकारदरबारी रकाना नाही. मारुती ८०० ही पहिल्या मालकाची गाडी क्वचितच राहिली. ती डॉक्टरांकडून शिक्षकाकडे, शिक्षकाकडून भाजीच्या व्यापाऱ्याकडे, तिथून गाडी शिकवणाऱ्या क्लासकडे अशी उतरत गेली. प्रत्येक हस्तांतरात सर्व्हिस डायरी मागे राहिली. विकताना घर आवरतात आणि डायरी रद्दीत जाते, म्हणून तर ती मला मिळते. चौथ्या मालकाच्या हाती येते ती फक्त गाडी आणि ओडोमीटर, आणि ओडोमीटरची तार कोणी कधी सोडवली होती हे देव जाणे. ज्याला दुरुस्तीचा खर्च सर्वांत कमी झेपतो त्याच्याच वाट्याला ज्याचे वय कोणालाच माहीत नाही असा पट्टा येतो. काही शे रुपयांची वस्तू, पण ती तुटते तेव्हा महिन्याचे गणित मोडते.

यावर मिस्त्री लोकांनी आपला उपाय काढला. त्याची दखल मोटारीच्या कोणत्याही इतिहासाने घेतलेली मी पाहिली नाही. पट्ट्याच्या झाकणावर किंवा बॉनेटच्या आतल्या बाजूला ते तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवतात. कोणी पांढऱ्या ऑइलपेंटने, काडीच्या टोकाने. कोणी दुकानाचे छापील स्टिकर लावून त्यावर बॉलपेनने. कोणी पत्र्यावर खिळ्याने ओरखडून. कुर्ल्याच्या आणि पुण्याच्या भंगार बाजारांत मी अशी झाकणे पाहत फिरतो. एका झाकणावर एकाखाली एक चार तारखा होत्या, चार वेगळ्या हस्ताक्षरांत, शेवटची दोन मराठीत आणि वरची दोन इंग्रजीत. त्या गाडीचा मालकी-प्रवास आरसी बुकाशिवायही वाचता येत होता. पहिल्या तीन तारखांमधले अंतर सारखे, आणि तिसरीनंतर एकदम मोठी फट. मधल्या मालकाने काय केले असेल ते त्या फटीत आहे. शिलालेख वाचणाऱ्यांना हसू येईल, पण माझ्या लेखी हे लेखच आहेत, आणि ते लिहिणाऱ्याला पुढचा वाचक कोण असेल हे नेमके ठाऊक होते. पुढे कधीतरी तेच झाकण काढणारा अनोळखी मिस्त्री.

डिझेल गाड्यांनी या प्रश्नाला धार आणली. टाटांची इंडिका १९९८ च्या डिसेंबरात बाजारात आली. पिंपरीत तयार होणारी, घरचीच म्हणावी अशी गाडी. तिच्या १.४ लिटरच्या डिझेल इंजिनालाही पट्टाच होता. डिझेलमध्ये हवा फार जोरात दाबायची असते, म्हणून दट्ट्या वर आला की हेड आणि दट्ट्या यांच्यात जागा जवळजवळ उरत नाही. पट्टा तुटला तर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या दट्ट्यावर आदळून वाकतात. मग प्रश्न पट्ट्याचा उरत नाही. हेड उतरवावे लागते, व्हॉल्व्ह, गाइड, गॅस्केट सगळे येते. इंडिका टॅक्सीत गेली आणि टॅक्सीची गाडी वर्षाला इतकी धावते की पुस्तिकेतला आकडा बघता बघता गाठला जातो. खाजगी मालकाने टाळले तरी टॅक्सीवाल्याला हिशेब ठेवणे भाग पडले. लांब पल्ल्याच्या चालकांच्या खिशातल्या छोट्या डायऱ्यांत डिझेल, टोल आणि भत्त्याच्या नोंदींमध्ये ‘टा. बेल्ट’ अशी नोंद सापडते ती याच काळापासून. ही सवय कोणत्याही कंपनीच्या शिबिरातून आलेली नाही. ती वाकलेल्या व्हॉल्व्हच्या बिलातून आली.

पुढचे थोडक्यात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस मारुतीने के-मालिकेची इंजिने आणली आणि त्यांत साखळी परतली. ही पद्मिनीची वीतभर साखळी नव्हे, तर डोक्यावरच्या कॅमपर्यंत जाणारी, बारीक कड्यांची, तेलाच्या दाबाने ताणलेली. विक्रेते ती ‘आयुष्यभराची’ म्हणून सांगतात. कोणाच्या आयुष्यभराची हे विचारावे. तेल वेळेवर बदलले नाही तर तीही लांबते आणि खुळखुळते, मात्र खुळखुळते हे खरे. उलट दिशेने, काही इंजिनांत पट्टाच तेलात बुडवून चालवण्याचा प्रयोग झाला. फोर्डचे एक लिटरचे इकोबूस्ट इंजिन त्यातले, आणि ते आपल्याकडे २०१३ च्या इकोस्पोर्टमधून आले. असा पट्टा अंगणात बदलायचा म्हणजे पुन्हा झाकण, सील आणि काळे तेल.

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले आणि त्याच वर्षी मे महिन्यात अ‍ॅम्बॅसडरचेही. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर उतरली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला निरोपाचे लेख लिहिले, लोकांनी तिच्याबरोबर छायाचित्रे काढली. मारुती ८०० अजून गावोगावी चालू आहेत, म्हणून त्यांना निरोप नाही. पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांची नोंदणी वाढवून घेत, पर्यावरण कर भरत त्या धावतात. जी वाढवली जात नाही ती भंगारात जाते. भंगारवाला इंजिन वजनावर विकतो, पण झाकण पातळ आणि हलके, त्याला भाव नाही. ते आधी बाजूला फेकले जाते आणि पावसात पडून राहते. ऑइलपेंटची अक्षरे टिकतात, बॉलपेनची पहिल्याच पावसाळ्यात जातात. माझ्याकडे आजवर अशी एकसष्ट झाकणे जमली आहेत. त्यांतल्या सतरांवर आता फक्त स्टिकरची चौकट दिसते, आत काही नाही.